शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा : देवप्रतिमा, सत्ता आणि इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की बखरी, रोजनिशा, पत्रव्यवहार, शकावल्या आणि पेशवे दफ्तरातील रुमाल डोळ्यांसमोर येतात. कागदाच्या या विपुलतेमुळे दगड, लाकूड आणि चुना यांच्याकडे साधन म्हणून पाहण्याची सवय मराठी इतिहासलेखनाला म्हणावी तितकी लागली नाही. वास्तू ही घटनेची पार्श्वभूमी मानली गेली. ती स्वतः काही सांगते, हा विचार मागे पडला. याला अपवाद आहेत. डॉ. म. श्री. माटे यांचा 'मराठा आर्किटेक्चर' (१९५९) हा ग्रंथ त्यांत अग्रभागी ठेवावा लागेल. परंतु महाविद्यालयीन अध्यापनात आजही पेशवाई शिकविली जाते ती मोहिमा, तह आणि वंशावळी यांच्या आधारे.

पुण्याचा शनिवारवाडा हे याचे ठळक उदाहरण होय. वाड्याचा अंतर्भाग १८२८ च्या आगीत नष्ट झाला. जे नाहीसे झाले त्याविषयी सर्वत्र भरभरून लिहिले जाते : सात मजल्यांची इमारत, गणेश रंगमहाल, हजारी कारंजे, आरसेमहाल. जे उभे आहे, म्हणजे तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा, त्याचे वर्णन मात्र दोन-चार वाक्यांत उरकले जाते. प्रस्तुत निबंधात या दरवाजाचे, त्यावरील देवप्रतिमांचे व नगारखान्याचे वाचन इतिहासाचे एक प्राथमिक साधन म्हणून करण्याचा प्रयत्न केला आहे. छत्रपतींचा सेवक असूनही प्रत्यक्षात राज्य चालविणाऱ्या पेशव्याने आपल्या सत्तेची मर्यादा व महत्त्वाकांक्षा या दोन्ही गोष्टी या दरवाजात कशा मांडल्या, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

बांधकाम आणि कालक्रम

पालखेडच्या मोहिमेत थोरल्या बाजीरावांनी निजाम-उल-मुल्कास कोंडीत पकडले आणि मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगाव येथे तह झाला. गोदावरीकाठच्या या तहाने दक्षिणेतील चौथाई व सरदेशमुखीचा मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जानेवारी १७३० रोजी, पुण्यात मुठेच्या दक्षिण तीरावर लाल महालाच्या निकट नव्या वाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. हे दोन्ही दिवस शनिवार होते. त्या काळच्या इंग्रजी कागदांत चालणाऱ्या जुन्या, म्हणजे ज्युलियन, गणनेप्रमाणे वार ताडून पाहिला असता तो बरोबर जुळतो; आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजू गेल्यास जुळत नाही. सनावळी शिकविताना हा बारकावा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देण्यासारखा आहे. वाड्याच्या खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा दिला जातो. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आला, असेही सांगितले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला तो राहण्याचा वाडा होता. त्याला किल्ल्याचे रूप देणारे तटाचे व बुरुजांचे काम पुढे नानासाहेब पेशव्यांच्या, म्हणजे बाळाजी बाजीरावांच्या, कारकिर्दीत पुरे झाले. तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत : दिल्ली दरवाजा, मस्तानी किंवा अलीबहाद्दर दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ किंवा नारायण दरवाजा. यांपैकी उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा हा मुख्य होय. त्यामुळे 'बाजीरावाचा दिल्ली दरवाजा' हा लोकप्रिय शब्दप्रयोग सैल आहे. आज दिसणारा दरवाजा हा पिता आणि पुत्र यांच्या दोन पिढ्यांचा, किंबहुना त्यांच्या दोन वेगवेगळ्या राजकीय परिस्थितींचा, संयुक्त दस्तऐवज आहे.

परंपरा अशी सांगते की, उत्तरेकडे तोंड करून असा भव्य दरवाजा उभारणे हा दिल्लीच्या बादशहाचा उपमर्द ठरेल म्हणून शाहू छत्रपतींनी आक्षेप घेतला आणि त्यांच्या हयातीत काम अपुरे राहिले. दुसरी आख्यायिका दगडाविषयी आहे. संपूर्ण दगडी वास्तू उभारण्याचा अधिकार छत्रपतींचा, प्रधानाचा नव्हे, अशी तक्रार साताऱ्यास गेल्यामुळे वरचे बांधकाम विटांत करावे लागले, असे तीत म्हटले आहे. या दोन्ही कथा अक्षरशः घटना म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि आख्यायिका ही जिथे जन्म घेते तेथील माणसांना कोणता प्रश्न छळत होता हे ती सांगून जाते. येथे प्रश्न एकच आहे : सेवकाचे घर किती मोठे असावे? शाहू महाराजांची मोगल बादशाहीविषयीची भूमिका पाहता पहिली कथा त्यांच्या स्वभावाशी विसंगतही वाटत नाही. १७०७ मध्ये सुटका झाल्यावर खुलताबाद येथे औरंगजेबाच्या कबरीच्या दर्शनास गेलेला आणि १७१९ च्या सनदांना आपल्या अधिकाराचा आधार मानणारा हा राजा होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचे निधन झाले आणि राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्यास सरकला. दरवाजाची पूर्तता आणि सत्तेचे हे स्थलांतर एकाच काळातील आहे.

'दिल्ली' या नावाचा अर्थ

दरवाजाच्या नावावरून बरेच काही निष्पन्न केले जाते. दिल्लीच्या तख्ताला दिलेले आव्हान म्हणून या नावाकडे पाहण्याची रीत इतकी रूढ आहे की तिची तपासणी करण्याची गरजही कोणास वाटत नाही.

मराठवाड्यातील वाचकाला यासाठी दूर जावे लागणार नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील शहराच्या तटाला दिल्ली दरवाजा आहे, पैठण दरवाजा आहे, जालना दरवाजा आहे, मक्का दरवाजाही आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथेही दिल्ली दरवाजा आहे. औरंगजेबाच्या काळात बांधलेल्या तटाच्या दरवाजाला 'दिल्ली' हे नाव आव्हान म्हणून दिले गेले, असे कोणी म्हणणार नाही. ज्या दिशेला वाट जाते त्या दिशेच्या मोठ्या नगराचे नाव दरवाजाला द्यावे, ही दख्खनची आणि एकूण हिंदुस्थानाची जुनी चाल होती. खुद्द दिल्लीच्या लाल किल्ल्याचा मुख्य दरवाजा 'लाहोरी' म्हणून ओळखला जातो आणि त्याच किल्ल्याला आणखी एक 'दिल्ली दरवाजा' आहे. शाहजहानने लाहोरला आव्हान दिले होते काय?

तेव्हा केवळ नावावर इमारत उभी करणे धोक्याचे आहे. महत्त्वाकांक्षा होती हे निर्विवाद. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले होते आणि नानासाहेबांच्या काळात मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. पण त्या महत्त्वाकांक्षेचा पुरावा दरवाजाच्या नावात शोधण्यापेक्षा त्याच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते. नाव ही प्रचलित रीत होती. त्या चौकटीत काय भरावे हा मात्र बांधणाऱ्याचा निर्णय होता.

बाहेरचा चेहरा आणि आतला चेहरा

दिल्ली दरवाजाकडे उत्तरेकडून येणाऱ्याला प्रथम दिसतात ते दोन्ही बाजूंचे भक्कम बुरूज, मधली टोकदार कमान आणि लाकडी फळ्यांवर बसविलेले लोखंडी अणकुचीदार खिळे. प्रत्येक फळीवर असे ७२ खिळे असून ते हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर येतात. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये ही त्यामागील योजना. अंबारीसह हत्ती आत जाईल एवढा हा दरवाजा मोठा आहे. पण दार बंद असता माणसाने वाकून जावे अशी दिंडी एका फळीत ठेवलेली आहे. म्हणजे एकच दार हत्तीला मानाने आत घेते आणि हत्तीलाच अडवते. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, ती वळते. वेगाने घुसणाऱ्या सैन्याचा जोर मोडावा ही दुर्गरचनेतील परिचित युक्ती येथे एका निवासी वाड्यात वापरलेली दिसते.

बाहेरचा चेहरा असा लष्करी आहे. देवांची चित्रे आतल्या अंगाला आहेत. दरवाजाच्या आतील भिंतींवर भित्तिचित्रे असून त्यांत गणेश आणि शेषशायी विष्णू ओळखता येतात. रंग बरेच उडाले आहेत, काही ठिकाणी गिलावाच गेला आहे. तरीही रेषेचा डौल कळतो. या मांडणीचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. बाहेरचा चेहरा शत्रूशी आणि आगंतुकाशी बोलतो. आतला चेहरा ज्याला प्रवेश मिळाला आहे त्याच्याशी. वकील, सरदार, सावकार, शास्त्री, भिक्षुक यांपैकी जो कोणी चौकी ओलांडून आत येई, त्याला वळणाच्या वाटेवर, पेशव्याची भेट होण्यापूर्वी, देवाचे दर्शन घडे. दरबारी शिष्टाचाराची सुरुवात दिवाणखान्यात होत नसून दरवाजात होत होती, असे यावरून म्हणता येते.

उंबरठ्यावरील देवतेची परंपरा

दारावर देव असणे ही कल्पना पेशव्यांची नव्हे. मध्ययुगीन मंदिराच्या द्वारशाखेवर, चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यभागी जे ललाटबिंब असते तेथे सामान्यतः गणेश कोरलेला दिसतो. उत्तर चालुक्य आणि यादव काळातील मंदिरांनी समृद्ध असलेल्या मराठवाड्यात ही परंपरा विशेष परिचयाची आहे. बीड शहरातील कंकालेश्वर, परळी तालुक्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर, निलंग्याचे नीळकंठेश्वर यांसारख्या मंदिरांच्या शिल्पसमृद्धीतून दगडाचा जो संस्कार येथील कारागिरांवर झाला, तो पुढील शतकांत वाड्यांच्या लाकडी चौकटींवर उतरला. महाराष्ट्रातील वाड्याच्या दाराची गणेशपट्टी ही त्याच ललाटबिंबाची घरगुती आवृत्ती होय. मंदिरात गणेश गाभाऱ्याची वाट निर्विघ्न करतो. वाड्यात तो संसाराची. माध्यम बदलले, देव राहिला.

दुसरी परंपरा किल्ल्यांची आहे. गडाच्या दरवाजाशी गणपती किंवा मारुती असणे हे महाराष्ट्रात इतके सार्वत्रिक आहे की दरवाजांना त्यांचीच नावे पडली. लोहगडावर गणेश, नारायण आणि हनुमान असे दरवाजे ओळीने लागतात आणि मग महादरवाजा येतो. रायगडाच्या महादरवाजावर कमळे आहेत. शिवनेरीसारख्या गडांच्या दरवाजांवर दिसणारा शरभ हा काल्पनिक पशू तर दख्खनमधील सर्वच राजवटींनी वापरला. बहमनी असो, निजामशाही असो की मराठी, शरभाला धर्माचे बंधन पडले नाही. शनिवारवाड्यातही गणेश आणि नारायण ही दरवाजांची नावे आढळतात, हे येथे आठवावे. मात्र नारायण दरवाजाच्या नावाचा संबंध देवाशी न जोडता नारायणराव पेशव्यांशी जोडला जातो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचा खून झाल्यावर त्यांचा देह या दाराने बाहेर नेला, अशी समजूत आहे.

आता प्रश्न असा की, या देवतांपैकी गणेश आणि शेषशायी यांनाच दिल्ली दरवाजात स्थान का मिळाले? गणेशाचे उत्तर सोपे आहे. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे कुलदैवत हरिहरेश्वर असले तरी पेशव्यांची भक्ती गणपतीवर होती. नानासाहेबांच्या काळी वाड्यात गणेशोत्सवासाठी खास गणेश रंगमहाल उभा राहिला. जयपूरच्या भोजराज नावाच्या चित्रकाराने शनिवारवाड्यातील भिंती रंगविल्याचे सांगितले जाते. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला चिंतामणीच्या सन्निध गेले. अष्टविनायकांच्या क्षेत्रांना पेशव्यांचा व त्यांच्या सरदारांचा आश्रय लाभला. दरवाजातील गणेश हा अशा रीतीने घराण्याचाही देव आहे आणि उंबरठ्याचाही.

शेषशायी विष्णूचा विचार अधिक करावा लागतो. राजसत्तेसाठी उग्र रूपे पुष्कळ होती : नरसिंह, महिषासुरमर्दिनी, खंडोबा. मराठ्यांच्या रणघोषात शंकर होता. शेषावर पहुडलेला विष्णू हा लढणारा देव नव्हे. तो धारण करणारा, सृष्टीचा भार शांतपणे वाहणारा आहे. प्रजापालक राजा हा विष्णूचा अंश असतो ही कल्पना संस्कृत परंपरेत दृढ आहे. पण पेशवा राजा नव्हता. त्याच्या शिक्क्यात प्रथम राजा शाहूंचे नाव येते आणि मग 'प्रधान' म्हणून त्याचे स्वतःचे. कागदावर जी मर्यादा काटेकोर पाळली जात होती ती भिंतीवर किंचित सैल झालेली दिसते. राजचिन्ह न वापरता राजधर्माची प्रतिमा वापरणे, हा तो मार्ग होता. देवाचे चित्र काढण्यास साताऱ्याच्या परवानगीची आवश्यकता नव्हती. हा निष्कर्ष चित्राच्या विषयावरून काढलेला आहे, कागदाच्या पुराव्यावरून नव्हे, हे मान्य करूनही शिक्का आणि भिंत यांतील हा फरक दुर्लक्षणीय ठरत नाही.

कमान कोणाची, देव कोणाचा

या दरवाजाचे वर्णन 'शुद्ध हिंदू शैली' असे करण्याचा मोह काही लेखकांना होतो. उलट काही जण त्यास मोगल शैलीचे अनुकरण म्हणून निकालात काढतात. दोन्ही मते घाईची आहेत. टोकदार कमान ही दख्खनमध्ये सुलतानशाह्यांच्या काळातच रुजली. मलिक अंबरच्या खडकीतील भडकल दरवाजा पाहिला म्हणजे तिचा दख्खनी डौल ध्यानी येतो. वरच्या मजल्यावरील महिरपी व सुरूच्या आकाराचे खांब मोगल वास्तूंतून आले. सागवानी कामाची पद्धत पश्चिम भारतातली. कारागीर राजस्थानपासून कोकणापर्यंतचे. अठराव्या शतकातील पुण्याच्या गवंड्याला आणि सुताराला कमान 'परकी' वाटत नव्हती. ती दरवाजाची सहज भाषा झालेली होती. त्या भाषेत गणेश आणि शेषशायी लिहिले गेले.

शनिवारवाड्याचे वैशिष्ट्य या सरमिसळीत आहे आणि ती केवळ कलेची बाब नाही. मुंगी-शेवगावचा तह करणारी, निजामाच्या मुलुखातून चौथाई वसूल करणारी, मोगल सनदांचा आधार घेणारी आणि प्रत्यक्ष मोगल सत्ता पोखरणारी ही राजवट होती. तिचे राजकारणही असेच चालत होते : चौकट जुन्या सत्तेची, आतला आशय स्वतःचा.

नगारखाना

दरवाजाच्या माथ्यावर नगारखाना आहे. लाकडी खांब, महिरपी आणि उतरते छप्पर असलेली ही रचना खालच्या दगडी बांधकामाच्या कठोरपणाला छेद देते. नौबत वाजविण्याचा मान हा मध्ययुगीन राजनीतीत अत्यंत मोलाचा होता. बादशहा किंवा राजा तो सरदाराला बहाल करी; ज्याच्या दारी नौबत झडे तो सामान्य माणूस राहत नसे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात नौबतखाना ही आतली स्वतंत्र वास्तू आहे. पुण्यात ती थेट मुख्य दरवाजावर आली. म्हणजे देवाचे चित्र आत येणाऱ्यालाच दिसे, पण नगाऱ्याचा आवाज न विचारता साऱ्या कसब्याला ऐकू जाई. सत्तेची जी घोषणा चित्राने संयमाने केली, ती ध्वनीने मोकळेपणाने केली.

महाराष्ट्रात नगारखाना हा राजवाड्याइतकाच देवळाचाही भाग आहे. जेजुरीस व तुळजापुरास चौघडा झडतो तो देवाच्या दारी. सनई-चौघड्याचे काम करणारे घडशी व गुरव हे सामान्यतः देवस्थानाशी बांधलेले वतनदार होते. राजाच्या दारचा आणि देवाच्या दारचा चौघडा एकच असल्याने ऐकणाऱ्याच्या मनात या दोन्ही सत्तांची सरमिसळ आपोआप होई. दिल्ली दरवाजाचे वाचन करताना डोळ्यांइतकेच कानाचेही साक्ष्य विचारात घ्यावे लागते. वास्तुकलेच्या ग्रंथांत या अंगाला पुरेशी जागा मिळत नाही.

दरवाजाने काय अडविले, काय नाही

दरवाजाची ताकद नेमकी कोठे कमी पडली हेही पाहिले पाहिजे. १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजांनी पुणे लुटले आणि जाळले. त्या वेळी पेशवा शहरात नव्हता. मराठी फौज निजामाच्या मुलुखात फिरत होती. त्याचा हिशोब १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे गोदावरीच्या काठी चुकता झाला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे मारला गेला आणि तरुण माधवरावांच्या नेतृत्वावर शिक्कामोर्तब झाले. पुण्याचे रक्षण दरवाजाच्या खिळ्यांनी झाले नाही, ते पुण्यापासून दूर गोदावरीच्या पात्राशी झाले. पुण्याचा इतिहास मराठवाड्याच्या भूमीवर किती वेळा ठरला, याचे हे एक उदाहरण. १७६० चे उदगीर आणि बीडच्या सीमेलगतचे १७९५ चे खर्डा ही आणखी दोन.

दहा वर्षांनी झालेल्या नारायणरावांच्या खुनात तर मारेकरी वाड्याच्याच चाकरीतील गारदी होते. हत्तीला अडविणारे खिळे पगारी पहारेकऱ्याला अडवू शकत नाहीत.

१८०१ च्या एप्रिलमध्ये याच वाड्यासमोर विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देण्यात आले. दुसऱ्या बाजीरावांच्या या कृत्याने यशवंतराव होळकरांशी समेटाचा मार्ग बंद झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशव्यांचा व शिंद्यांचा पराभव झाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह होऊन पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या अंकित गेली. ज्या हत्तीला रोखण्यासाठी दाराला खिळे ठोकले होते तोच हत्ती वाड्यासमोर पेशव्याच्या आज्ञेने आपल्याच सरदार घराण्यातील माणसावर चालविला गेला. पेशवाईच्या अखेरीचे कथन वसईपासून करण्यापेक्षा येथून करणे अधिक न्याय्य ठरेल.

दरवाजा म्हणजे प्रवेश, तसाच तो नकारही असतो. उत्तर पेशवाईत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजावर पुण्यात कोणते निर्बंध लादले होते, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या भाषणग्रंथात केला आहे. आतल्या भिंतीवरचा शेषशायी साऱ्या प्रजेचा भार वाहतो अशी कल्पना होती; पण त्याचे दर्शन घेण्याइतके आत येण्याची मुभा प्रजेतील किती जणांना होती, हा प्रश्न टाळून या दरवाजाचे सौंदर्यवर्णन पुरे होत नाही. ३१ डिसेंबर २०१७ रोजी कोरेगाव भीमाच्या लढाईच्या द्विशताब्दीच्या पूर्वसंध्येला एल्गार परिषदेसाठी शनिवारवाड्याचेच पटांगण निवडले गेले. दरवाजाचा अर्थ सर्वांसाठी एक नाही, हे त्या निवडीवरूनही कळते.

इंग्रजी अंमल आणि उरलेली वास्तू

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातू यांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविले. नौबतीच्या जागी निशाण आले. वाड्याचा उपयोग पुढे ज्या कामांसाठी झाला ती यादी विषण्ण करणारी आहे. १८२५ मध्ये बिशप हेबर पुण्यास आले तेव्हा तळमजल्यावर तुरुंग आणि वर दवाखाना व वेड्यांचे इस्पितळ होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानाने बांधलेले सारे गेले. तटाचा भाग असल्यामुळे दिल्ली दरवाजा वाचला.

या घटनेला समांतर उदाहरण इंदूरच्या होळकर राजवाड्याचे आहे. तेथेही सात मजली प्रवेशद्वार हाच वास्तूचा चेहरा असून खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. १८०१ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये आगीने तो राजवाडा होरपळला, तरी दर्शनी भाग उभा राहिला. मराठा राजवाड्यांत रक्षणासाठी दगड आणि निवासासाठी लाकूड ही विभागणी होती. त्यामुळे आपत्तीनंतर जे उरते ते प्रवेशद्वार. परिणामी मराठा राजवाड्यांच्या कलेविषयीचे आपले प्रत्यक्ष ज्ञान बव्हंशी दरवाजांचे ज्ञान आहे, ही वस्तुस्थिती अभ्यासकांनी स्वीकारली पाहिजे.

शनिवारवाड्याच्या आवारात पुढे पोलिसांची वस्ती राहिली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ ते १९२३ या काळात, आवार मोकळे करून उत्खनन झाले आणि जोती, कारंजी, हौद उजेडात आले. वास्तू आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जोत्यांवर फलक लागले, कारंज्यांपाशी गर्दी होते. भित्तिचित्रांसमोरून मात्र माणसे आतल्या उजेडाकडे घाईने निघून जातात. दगडाचे आयुष्य शतकांत मोजता येते. चुन्याच्या गिलाव्यावरील रंगाचे तसे नाही. ओल, धूर, धूळ आणि स्पर्श यांनी तो दरवर्षी थोडाथोडा जातो. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात किंवा चांदवडच्या रंगमहालात मराठा भित्तिचित्रे आहेत. पण मुख्य पेशव्याच्या स्वतःच्या दारातली म्हणून दिल्ली दरवाजातील चित्रांची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. रंग पूर्ण उडण्यापूर्वी त्यांची प्रत्येक आकृती मोजून, रेखाटून, योग्य प्रकाशात छायाचित्रित करून त्यांची सूची होणे आवश्यक आहे. हे काम एखाद्या मोठ्या संस्थेचीच मक्तेदारी असण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी पुण्यास जातात. इतिहास विभागाने विद्यार्थ्यांना कारंज्याकडे नेण्यापूर्वी दरवाजाच्या वळणावर अर्धा तास थांबविले, वही-पेन्सिल हाती दिली आणि गणेशाच्या हातांतील आयुधे व शेषाच्या फणा मोजून उतरवून घ्यावयास सांगितल्या, तरी नोंदीच्या कामास प्रारंभ होईल.